उजव्या पायाची चप्पल

देवळाच्या पायऱ्या चढताना लोकांचा जीव देवाकडे लागलेला असतो. खोकीच्या घरच्यांचा जीव मागे राहायचा, चपलांत. त्याला इलाज नव्हता. दोन पिढ्या चपलांच्या दुकानावर जगलेलं घर ते. समोर माणूस आला की यांची नजर आधी त्याच्या पायांकडे जायची आणि मग, सवड मिळाली तर, तोंडाकडे. खोकीचं नावसुद्धा दुकानातलंच. ती झाली आणि दोन महिन्यांतच तिची आई पुन्हा दुकानात उभी राहिली. पोरीला बुटांच्या मोठ्या खोक्यात झोपवायची, म्हणून वडील तिला खोकी म्हणू लागले. शाळेच्या दाखल्यावर काय नाव होतं ते आता तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवत नाही. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी खोकीची खोकीच राहिली.

घरात दोन नियम होते. पहिला आईचा. दुकानात मांडणीवर कधी जोड ठेवायचा नाही. एकच पाय मांडायचा, दुसरा आत, मागच्या फळीवर. एका पायाची चप्पल पळवून चोर करणार काय? देवळात, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलवर, जिथे म्हणून चपला काढायच्या तिथे आई हाच कायदा लावायची. एक पाय इथे, दुसरा भलतीकडे. दुसरा कुठे ठेवला ते ती कुणालाच सांगत नसे. "तुमच्या तोंडावर दिसतं," असं म्हणायची. "चोर बरोबर तोंड वाचतो. आणि चोर असतो आळशी. त्याच्या जिवावर येईल अशा जागी ठेवायची, बस." वडील हसायचे. हिला बँकेच्या तिजोरीवर बसवायला हवी होती, आमच्या नशिबी आली, असं गिऱ्हाइकांना सांगायचे.

दुसरा नियम वडिलांचा. गर्दीत चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, चपलांपाशी जाऊन थांबायचं. माणूस कुठेही गेला तरी चपलांसाठी परत येतोच. खोकी सहा वर्षांची असताना देवीच्या डोंगरावर, देवळाच्या गर्दीत हरवली होती. रडत रडत चपलांच्या ढिगाशी गेली आणि आपल्या इवल्याशा चपला मांडीवर घेऊन बसून राहिली. लहान मुलांच्या चपला कोण चोरतंय, म्हणून त्या तेवढ्या आई एकत्र ठेवायची. आई धावत आली, तिने आधी एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग पोरीला श्वास घेता येईना इतकं घट्ट धरलं. पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट आईने दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवली. शहाणी आहे हो माझी पोर, सांगितलं तिथं थांबली.

दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे होते. ते एकमेकांसमोर उभे राहिले तर काय होईल, याचा विचार मात्र या शहाण्या घरात कुणीही केला नव्हता.

वडील गेले. दुकान खोकीचा थोरला भाऊ बघू लागला. आणि गेली दोन वर्षं आई विसरत चालली होती. सुरुवातीला चष्मा, मग गॅस, मग वार. आता माणसं. खोकीला ती कधी ताई म्हणे, कधी शेजारीण समजून परत पाठवू बघे, आणि एखाद्या सकाळी अचानक, "खोके, किती वाळलीस गं," असं म्हणून खोकीला दिवसभर पुरेल इतकं सुख देऊन जाई. अशा सकाळी कमी होत चालल्या होत्या. खोकी त्या मोजत नव्हती, कारण मोजायची तिला भीती वाटत होती.

आईने देवीच्या त्याच डोंगरावर जायचा धोशा लावला तेव्हा भावाने फोनवर साफ नाही सांगितलं. घरातल्या घरात ती हरवते, तिला डोंगरावर कशाला न्यायचं? खोकी म्हणाली, ओळख आहे तोवर नेते, नंतर नेऊन काय उपयोग. त्यावर तो एवढंच म्हणाला, "हात सोडू नकोस." खोकी चिडली. मी काय दूधखुळी आहे का, असं म्हणून तिने फोन ठेवला. मोठा भाऊ बरोबर बोलला की चिडायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड.

त्या दिवशी आई अगदी लख्ख होती. टॅक्सीत ड्रायव्हरच्या बुटांना तिने नावं ठेवली, टाच एका बाजूने झिजलीय, कंबर दुखत असेल याची, असं खोकीच्या कानात सांगितलं. वर गाडीतळावर उतरल्या तर ऊन पडलेलं, खाली दरीत पांढऱ्या ढगांचा गादीसारखा थर. माणसांची ही झुंबड. देऊळ आणखी थोडं वर, वीसेक फरसबंद पायऱ्यांच्या शेवटी.

पायऱ्यांच्या तळाशी पत्र्याच्या छपराखाली चपलांचं स्टँड होतं. लोखंडी मांडणी, पितळी बिल्ले, आणि स्टुलावर बसलेली एक ऐसपैस बाई. खोकी टॅक्सीतूनच अनवाणी उतरली होती; आईने त्या बाईसमोर आपली डावी चप्पल ठेवली. तपकिरी, अंगठ्यापाशी लाल दोऱ्याची शिवण असलेली. ती शिवण आईने स्वतःच्या हाताने घातलेली होती.

"आजी, दुसरी?" स्टँडवालीने विचारलं.

तुम्हाला काय करायचीय, असा आईचा उलट सवाल. स्टँडवाली खोकीकडे बघू लागली. खोकीने ओठ दाबून हसू आवरलं. आई उजवी चप्पल पदराखाली घेऊन म्हणाली, "तिकडं तोंड कर."

खोकीने तोंड फिरवलं.

नको होतं फिरवायला. पण किती महिन्यांनी आई आईसारखी वागत होती. त्या आवाजात जरब होती, दुकान होतं, सगळं जुनं घर होतं. खोकी मांडणीकडे तोंड करून शहाण्या मुलीसारखी उभी राहिली आणि मनातल्या मनात खूश झाली. पाठीमागे आईची अनवाणी पावलं फरशीवरून दूर गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला. आली तेव्हा साडीच्या काठाला गवताची कुसळं चिकटली होती. खोकीने वाकून ती झटकली, कुठून आली ते विचारलं नाही, आणि आईचा हात धरला. यानंतर हात सोडायचा नाही, असं तिने ठरवलं.

रांग देवळाला अर्धा वळसा घालून जात होती. मागच्या अंगाला डोंगराची कड. तिथे दगडी कठड्याचा एक तुकडा ढासळला होता आणि त्या खिंडाराला आडवी नायलॉनची दोरी बांधून मधे लाल चिंधी लटकवली होती. जवळ एक रखवालदार नुकताच पाळीवर येऊन उभा राहिला होता. बोलण्याचं काम तो शिट्टीकडूनच करून घेत असावा. फोटो काढायला कुणी त्या बाजूला सरकला की शिट्टी, मूल पळालं की शिट्टी. मागच्या पावसाळ्यात कठडा माणसासकट गेला, असं रांगेतला एक गृहस्थ आपल्या बायकोला चवीने सांगत होता. खोकीने आईला आतल्या बाजूला घेतलं.

गाभाऱ्यापुढे क्षणभरच उभं राहू देतात. तेवढ्यासाठी माणूस एवढा डोंगर चढून येतो. खोकीने एका हातात आईचं मनगट धरलं होतं, पण नमस्कार एका हाताने कसा करणार? तिने हात सोडला, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. हिला मी आठवू दे, ती म्हणाली. बाकी सगळं विसरली तरी चालेल. मी तेवढी राहू दे.

डोळे उघडले तेव्हा आईच्या जागी एक पोट सुटलेला माणूस डोळे मिटून उभा होता.

गाभाऱ्याच्या दोन बाजूंना दोन दारं होती आणि आतले सेवेकरी हाताला लागेल त्याला जवळच्या दाराकडे ढकलत होते. खोकीला उजवीकडे ढकललं. तिने मागे वळायचा प्रयत्न केला, पुढच्यांच्या आणि मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि बाहेर ओट्यावर येऊन पडली. डावीकडच्या दाराशी धावत गेली. बाया बाहेर पडत होत्या. पदर डोक्यावर, पांढरे केस, वाकलेली पाठ. एकामागून एक. प्रत्येक पाठ आईची वाटे आणि वळली की दुसऱ्याच कुणाची निघे.

तेव्हासुद्धा खोकी फार घाबरली नव्हती. घरचा नियम होता ना. आई नावं विसरेल, वार विसरेल, पण चुकामूक झाली तर चपलांपाशी, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं. खोकी धडाधड पायऱ्या उतरून स्टँडवर आली. डावी चप्पल मांडणीवर तशीच होती. आई नव्हती.

येईल, खोकी म्हणाली. येतील हो, स्टँडवालीही म्हणाली आणि तिने आपलं स्टूल देऊ केलं. खोकी चपलेपाशी बसली.

माणसं येत होती, बिल्ले देत होती, चपला पायात सरकवून जात होती. खोकी पायांकडे बघत होती. आईची पावलं ती हजारांत ओळखेल. टाचांना भेगा, डाव्या करंगळीवर जुना घट्टा. फोन वाजला. पडद्यावर भावाचं नाव होतं. खोकीने फोन पालथा ठेवला आणि तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही. मान वर केली तर पायऱ्यांचा वरचा भाग दिसेना. दरीतला तो गादीसारखा थर उठून वर आला होता. आधी कळस गेला, मग फुलांची दुकानं, मग समोरून येणारी माणसं गुडघ्यापर्यंत दिसू लागली, नंतर नुसते आवाज. ढग अंगाला गार लागत होता. घंटा वाजत होती, पण ती नेमकी कुठून वाजते तेही कळेना.

आणि मग खोकीची नजर मांडणीवरच्या त्या एकट्या चपलेवर गेली.

आई चपलेपाशीच असणार. ती नियम मोडणारी बाई नव्हे. ती चपलेपाशीच बसली असणार, मुकाट, कुणी येईपर्यंत. पण ती या चपलेपाशी नव्हती, म्हणजे दुसरीपाशी होती. आणि दुसरी कुठे आहे हे या जगात एकट्या आईला ठाऊक होतं. तेही आता तिला ठाऊक असेल तर.

खोकी उठली. मांडणीवरची डावी चप्पल तिने उचलली, बिल्ला स्टँडवालीच्या हातात कोंबला आणि सुटली. भेटेल त्याला ती चप्पल दाखवत होती. अशीच दुसरी पाहिलीत का? अशी, लाल शिवणीची? लोक आधी चपलेकडे बघत, मग तिच्याकडे, आणि एक पाऊल मागे सरत. चप्पल हातात घेऊन अंगावर येणाऱ्या बाईपुढे दुसरं कोण काय करणार. नारळवाला म्हणाला, नाही पाहिली. बाकड्याखाली बघितलं, पाण्याच्या टाकीमागे बघितलं, हार विकणारीच्या टोपलीमागे बघितलं. हारवाली मात्र म्हणाली, एक आजी मघाशी पदराखाली काहीतरी लपवून इकडून गेल्या, मला वाटलं नैवेद्य असेल. कुठे गेल्या? तिने ढगाकडे हात केला. त्या हाताच्या दिशेला काहीच दिसत नव्हतं.

खोकीने चौकशीच्या खिडकीत सांगितलं, तसं देवळाच्या कर्ण्यावरून आईचं नाव पुकारलं गेलं. हरवलेल्या आजींनी चौकशीच्या खिडकीशी यावं. खोकीने ते ऐकलं आणि तिला रडूच आलं. त्या नावाने आईला वडिलांनीही कधी हाक मारली नव्हती. ती कशाला ओ देईल?

चोर आळशी असतो. खोकी स्वतःशी बोलू लागली. चोराच्या जिवावर येईल अशा जागी. कुठल्या? इथे सगळीकडे फरशी, सिमेंट, पत्रे. सगळीकडे माणसांची वर्दळ. चोराला कुठेही जाता येईल इथे.

कुसळं.

साडीच्या काठाला कुसळं होती. तिने स्वतःच्या हाताने झटकली होती. या सबंध माथ्यावर फरशीच फरशी, गवताचं पातं नाही. गवत होतं ते फक्त कठड्यापलीकडे.

खोकी पळाली. पळताना ती काय म्हणत होती हे तिलाच माहीत नव्हतं. देवीचं नाव घेत असेल किंवा भावाचं. ढगात ती दोन माणसांवर आदळली, एका पायरीवर गुडघा फुटला, पण तिला ते नंतर, घरी गेल्यावर कळलं. दोरी आधी तिच्या पोटाला लागली, मग दिसली. लाल चिंधी ओली होऊन लोंबत होती. बाजूला तो रखवालदार, शिट्टी ओठांत धरून. या ढगात कुणी येत नाही, असं समजून तो अंमळ भिंतीला टेकला होता.

दोरीपलीकडे चार-पाच पावलं गवत. मग एक सपाट कातळ. त्यापुढे पांढरं. खाली, वर, सगळं पांढरं.

कातळावर आई बसली होती. पाठ दरीकडे, तोंड देवळाकडे. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. उजवी चप्पल दोन्ही हातांनी मांडीवर धरलेली. मधेच मान उंच करून ती ढगात बघे, पुन्हा खाली बघे.

"आई," खोकी म्हणाली आणि दोरीवरून हात पुढे केला.

आईने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. पिकल्या केसांची, विस्कटलेली, धापा टाकणारी एक परकी बाई चपलेकडे हात करत होती. आईने चप्पल छातीशी धरली आणि बसल्या बसल्या मागे सरकली. एक दगड सुटला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

रखवालदाराने हे बघितलं आणि छाती भरून श्वास घेतला. खोकीने झडप घालून त्याच्या तोंडातली शिट्टी ओढून काढली. तो दोरी ओलांडायला निघाला तर तिने त्याच्या कोपराला धरलं. नको, ती पुटपुटली. तुम्ही गेलात तर ती आणखी मागे जाईल. त्याने एकदा कातळाकडे बघितलं, एकदा खोकीकडे, आणि तो जागच्या जागी खिळला. मागे जायला जागाच उरली नव्हती, हे त्यालाही दिसत होतं.

आई आपल्याला चोर समजतेय. खोकीला हे कळलं आणि तिने पुढे केलेला हात मागे घेतला. कसं सांगायचं? मी खोकी, असं सांगून उपयोग नव्हता. आईची खोकी सहा वर्षांची होती. आईच्या अंगावर ओरडून, रडून, हात जोडून उपयोग नव्हता. एवढ्या वर्षांत परक्या बाईशी आई कधी मोकळेपणाने बोलली असेल तर ती एकाच जागी. खोकी ढासळलेल्या कठड्याच्या उरलेल्या दगडावर बसली, दुकानातल्या बाकावर गिऱ्हाईक बसतं तशी. एक पाय पुढे केला. हातातली डावी चप्पल वर धरली आणि आवाजातला कंप गिळून, जरा लाडीक, जरा चिकट, अशा गिऱ्हाइकी सुरात म्हणाली, "अहो, याचा जोड दाखवता का?"

आई थबकली.

"हा डावा बघितला मी. छान आहे. उजवा असेल ना?"

आईच्या खांद्यांतला ताठा किंचित उतरला. तिने मान तिरपी करून त्या चपलेकडे बघितलं, मग खोकीच्या पायाकडे. तोंडाकडे बघितलंच नाही.

"आहे ना," ती म्हणाली. "बसा बाई. आत्ता आणते."

ती उठू लागली. आधी एक हात कातळावर टेकला, मग गुडघा. कातळ ओला होता. आई उभी राहिली, सावरली, पदर खोचला. आणि वळली. दुकानात दुसरा पाय कायम मागच्या फळीवर असायचा. चाळीस वर्षं ती गिऱ्हाइकाला बसवून अशीच वळली होती, मागे जाऊन हात वर करून खोकं काढलं होतं. आताही ती तशीच वळली, दरीकडे, आणि तिने पाऊल उचललं.

"मागे नको," खोकी म्हणाली. ओरडली नाही. कसं ओरडली नाही ते तिला कधीच सांगता आलं नाही. "मागे कशाला जाता? तुमच्या हातातच आहे की."

उचललेलं पाऊल तसंच राहिलं. एका पायावर म्हातारी उभी, तिच्या पुढे नुसता ढग. मग तिने आपल्या हाताकडे बघितलं. पाऊल परत कातळावर टेकलं, आणि ती हसली. दुकानातलं, गिऱ्हाइकापुढे स्वतःवरच हसायचं ते हसू.

"बघा," ती म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा."

आणि ती कातळावरून उतरून गवतातून सरळ चालत आली. रखवालदाराने दोरी वर उचलून धरली. आईने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही, दुकानाचं शटर वर करणारा कुणी असेल इतपतच. ती खिंडारातून आत आली, खोकीसमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि तिने खोकीचं पाऊल उचलून आपल्या गुडघ्यावर घेतलं. रखवालदार हळूच दोरीपुढे, खिंडार अडवून उभा राहिला. खोकीने आईच्या खांद्यावर हात ठेवला, मग दुसऱ्या खांद्यावर, आणि तिची साडी मुठीत घट्ट धरली. आता तिचे दात वाजत होते.

थंडी वाजतेय का तुम्हाला, असं आईने विचारलं. खोकीने मान हलवली. आईने आधी उजवी चप्पल घातली, मग डावी. अंगठ्याने पुढचं टोक दाबून बघितलं, टाचेमागून बोट फिरवलं. तिचं बोट खोकीच्या पावलावर थांबलं.

"तुमचा पाय अगदी माझ्या मुलीसारखा आहे," ती म्हणाली. "अंगठ्याशेजारचं बोट मोठं. लहान आहे ती अजून, पण बोट असंच."

"कुठं असते?"

"इथंच चुकलीय." आईने मागे वळून ढगात बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं दुकान कुठल्या कुठे गेलं आणि तिथे भीती आली, उघडी, लपवता न येणारी. खोकी मघापासून पोटात घेऊन पळत होती तीच. "चपलांपाशी थांब म्हणून सांगितलंय तिला. शहाणी आहे, थांबेल. पण मी मेली एक पाय तिकडं ठेवला नि एक इकडं. पोर कुठल्या पायापाशी जाऊन बसली असेल? एकटी असेल हो. रडत असेल."

खोकीने चपला पायातून काढल्या आणि आईसमोर फरशीवर नीट, एकाला एक लावून ठेवल्या. डावी आणि उजवी.

"आता दोन्ही एका ठिकाणी आहेत," ती कशीबशी म्हणाली.

आईने चपलांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा थोडा सैल पडला.

"मग येईल," ती म्हणाली. "तुम्हाला घाई नसेल तर बसता का जरा? मला एकटीला भीती वाटते."

खोकीच्या पर्समध्ये फोन पुन्हा वाजू लागला. तिने तो वाजू दिला. रखवालदाराने खाली वाकून हलक्या आवाजात विचारलं, ताई, कोण हरवलंय अजून, वर्णन सांगा, पुकारायला लावतो. खोकीने त्याला नुसता हात केला. ती फरशीवर आईच्या शेजारी सरकली आणि तिने आईचा हात आपल्या हातात घेतला. आईने तो काढून घेतला नाही. ढग अजून उठला नव्हता. चपला समोर ठेवून त्या दोघी खोकीची वाट बघत बसल्या.